आफ्रिका ही काही खाण नव्हे

2017 साली व्हेनिसमध्ये डेमियन हर्स्ट या ब्रिटिश कलावंताने एक अवाढव्य प्रदर्शन भरवलं. कल्पना अशी की फार जुन्या काळी एक जहाज बुडालं, त्यातला खजिना आता समुद्रतळातून वर काढला आहे आणि तो हा इथे मांडला आहे. खजिना अर्थातच हर्स्टच्या कारागिरांनी नव्याने घडवलेला. त्यात ग्रीक देवता होत्या, इजिप्तचे राजे होते, प्रवाळांनी मढलेला मिकी माऊससुद्धा होता. आणि एक सोनेरी मुखशिल्प होतं. पश्चिम आफ्रिकेची कला थोडीफार पाहिलेल्या कोणालाही ते लगेच ओळखू यावं. नायजेरियातल्या इफे या योरुबा नगरीत 1938 साली घराचा पाया खणताना धातूची जी मस्तकं सापडली, त्यांचं ते उघड उघड रूप होतं.

योगायोग असा की त्याच वर्षी व्हेनिसच्या बिएनालेत, म्हणजे तिथे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात, नायजेरियाचं स्वतःचं दालन पहिल्यांदाच उघडलं होतं. त्या दालनात ज्यांचं काम होतं त्या व्हिक्टर एहिखामेनोर यांनी हर्स्टवर जाहीर टीका केली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की हे पाहणाऱ्या हजारो लोकांच्या मनात इफे येणार नाही, नायजेरिया येणार नाही. त्यांची मुलं हे शिल्प हर्स्टचं म्हणूनच ओळखतील. हर्स्टच्या बाजूने उत्तर तयार होतं. सगळं प्रदर्शनच नकलांचं, नक्कल हाच त्याचा विषय, आणि सोबतच्या मजकुरात इफेचा उल्लेख होता. म्हणजे श्रेय दिलं होतं. मग बिघडलं कुठे?

माझ्या मते बिघडलं ते श्रेयाच्या ओळीत नाही, जहाजात बिघडलं. हर्स्टने इफेला बुडालेल्या, संपलेल्या संस्कृतींच्या रांगेत बसवलं. योरुबा संस्कृती संपलेली नाही. इफेच्या गादीवर आजही ऊनी, म्हणजे तिथले राजे, आहेत. त्या मस्तकांचा वारसा सांगणारे कलावंत त्याच शहरात, त्याच महिन्यांत, आपलं काम मांडून बसले होते. त्यांच्याशी बोलायचं सोडून त्यांच्या पूर्वजांना समुद्राच्या तळाशी पाठवणं हा मला या प्रकरणातला खरा उर्मटपणा वाटतो.

आफ्रिकेकडून काही घेऊच नका, असं म्हणणारे लोक आता भेटू लागले आहेत. त्यांच्याशी मी सहमत नाही. कला घेण्या-देण्यावरच चालते, आणि उसन्या गोष्टी काढून टाकल्या तर आपल्याकडच्या संग्रहालयांच्याही अर्ध्या भिंती रिकाम्या होतील. मी दोन गोष्टी तपासतो. घेणाऱ्याने काय घेतलं, वरची कातडी की आतला विचार? आणि ज्याच्याकडून घेतलं त्याला आपल्याच काळात जगणारा माणूस मानलं का? पहिल्या परीक्षेत युरोपातले काही कलावंत फार चांगल्या गुणांनी उत्तीर्ण होतात. दुसरीत जवळजवळ सगळेच नापास.

पहिल्या परीक्षेचं बोलायचं तर पिकासोला टाळता येत नाही. 1907 साली पॅरिसच्या त्रोकादेरो वस्तुसंग्रहालयात त्याने आफ्रिकी मुखवटे पाहिले, आणि त्याच वर्षी ‘आविन्योंच्या तरुणी’ हे चित्र रंगवलं. पाच स्त्रिया, त्यांतल्या उजवीकडच्या दोघींचे चेहरे चेहरे उरलेलेच नाहीत, मुखवटे झाले आहेत. या चित्राचं ऐतिहासिक मोल मी नाकारत नाही. पण आफ्रिकेच्या बाजूने पाहिलं तर मला ते शिष्याचं चित्र वाटत नाही, बिचकलेल्या माणसाचं वाटतं. मुखवटा इथे भीतीचं साधन म्हणून आला आहे: काहीतरी रानटी, आदिम, अंगावर येणारं. पिकासोने पुढे आंद्रे माल्रो या फ्रेंच लेखकाला त्या भेटीबद्दल जे सांगितलं त्यातही हाच सूर आहे, मुखवटे म्हणजे जादूची हत्यारं. ते मुखवटे कोणी, कशासाठी, कोणत्या गावात घडवले हे त्याला जाणून घ्यायचं नव्हतं.

1912 मध्ये मात्र वेगळंच घडलं. पिकासोने ग्रेबो लोकांचा एक मुखवटा विकत घेतला. ग्रेबो म्हणजे लायबेरिया आणि आयव्हरी कोस्टच्या किनारपट्टीतले लोक. या मुखवट्याचे डोळे पाहण्यासारखे आहेत. डोळा हा खरं तर चेहऱ्यातला खड्डा, पण ग्रेबो कारागिराने तिथे खड्डा न करता पुढे आलेल्या लाकडी नळकांड्या बसवल्या. सपाट फळी, त्यावर दोन नळकांड्या, आणि आपण बिनतक्रार म्हणतो, हे डोळे. साम्य कुठेच नाही, तरी ओळख पटते. त्याच वर्षाच्या शेवटी पिकासोने पुठ्ठ्याची गिटार केली. गिटारीच्या मधोमध भोक असतं. पिकासोच्या गिटारीत त्या जागी पुढे आलेली एक नळी आहे.

पिकासोचे चित्रव्यापारी कानवायलर यांनी हा धागा पुढे लिहून ठेवला, आणि माझ्या मते विसाव्या शतकातल्या कलेबद्दलचं ते सगळ्यात महत्त्वाचं निरीक्षण आहे. वस्तूची नक्कल न करता तिची खूण करायची, पोकळीच्या जागी उंचवटा ठेवूनही पोकळीच दाखवायची, हा विचार आहे, आणि तो ग्रेबो कारागिराने आधी केला होता. पुठ्ठा, पत्रा, तार अशा फुटकळ वस्तू जोडून शिल्प करण्याची जी प्रायोगिक परंपरा त्या गिटारीपासून सुरू झाली असं इतिहास सांगतो, तिच्या मुळाशी एक तयार सिद्धान्त होता. इथे पिकासो खरोखर शिकला. मुखवट्याचा चेहरा त्याने उचलला नाही, त्यामागचं गणित उचललं. पहिल्या परीक्षेत पैकीच्या पैकी.

आता दुसरी परीक्षा. पिकासो 1881 चा. त्याच्याहून थोडा मोठा, अंदाजे 1873 च्या सुमारास जन्मलेला, एक योरुबा लाकूडशिल्पी होता. नाव ओलोवे, इसे गावचा म्हणून इसेचा ओलोवे. राजवाड्यांचे खांब, दारं, झाकणाची भांडी हे त्याचं काम. पॅरिसमध्ये क्युबिझमचा, म्हणजे वस्तू मोडून-जोडून रंगवण्याच्या पिकासोप्रणीत चळवळीचा, गलबला चालू होता त्याच वर्षांत, म्हणजे 1910 ते 1914 च्या दरम्यान, ओलोवेने इकेरेच्या राजासाठी, तिथल्या ओगोगासाठी, एक दुपाखी दार कोरलं. योरुबा दारांवरचं कोरीवकाम सहसा उथळ असतं. ओलोवेच्या आकृत्या फळीतून सुटून पुढे येतात, काही तर जवळजवळ मोकळ्या उभ्या राहतात, माना वळवतात. दारावर राजा बसलेला आहे, आणि त्याच्या भेटीला येणारा ब्रिटिश अधिकारी हमालांच्या खांद्यावरच्या डोलीत ताटकळलेला आहे. समकालीन राजकारणावरचं इतकं तिरकस भाष्य त्या वर्षांतल्या पॅरिसमध्येही शोधावं लागेल.

1924 साली हे दार लंडनजवळ वेम्ब्लीच्या साम्राज्य प्रदर्शनात मांडलं गेलं. ब्रिटिश म्युझियमला ते इतकं आवडलं की त्यांनी मागितलं, आणि बदल्यात ओगोगाला ब्रिटनमध्ये बनवलेलं एक सिंहासन दिलं. म्हणजे दार लंडनला राहिलं. ते कोणी कोरलं हे मात्र कोणाला विचारावंसं वाटलं नाही. पुढे अभ्यासकांनी गावोगाव फिरून विचारलं तेव्हा ओलोवेचं नाव सहज मिळालं, कारण ते लपलेलंच नव्हतं. योरुबा समाजात थोरामोठ्यांची ओरिकी, म्हणजे बिरुदावली, म्हणतात. ओलोवेचीही होती. 1938 मध्ये तो वारला, आणि त्याच्या एका पत्नीकडून ती ओरिकी 1988 साली ध्वनिमुद्रित झाली. इरोकोचं कठीण लाकूड दुधी भोपळ्यासारखं मऊ असल्यागत कोरणारा, असं त्यात त्याचं वर्णन आहे. पन्नास वर्षं एका विधवेने तोंडपाठ जपलेलं नाव, आणि संग्रहालयांच्या पाट्यांवर काय? योरुबा, लाकूड, कलावंत अज्ञात.

कोणाला अज्ञात? हा प्रश्न दर पाटीसमोर उभा राहून विचारला पाहिजे. ओलोवे अपवाद नव्हता, त्याच्यासारखे अनेक जण होते. नाव न विचारण्याचे फायदेही मोठे होते. नाव नसलं की वस्तू सबंध जमातीची होते, जमातीची झाली की कालातीत होते, आणि कालातीत वस्तूवर कोणाचाच हक्क सांगता येत नाही, ती ज्याच्या हाती पडेल त्याची. शिवाय माणूस नसला की प्रतिभा नाकारणंही सोपं जातं. 1910 मध्ये लिओ फ्रोबेनियस हा जर्मन संशोधक इफेला गेला, तिथली शिल्पं पाहून थक्क झाला आणि निष्कर्ष काय काढला, तर हे काम बुडालेल्या अटलांटिसमधल्या ग्रीकांचं असलं पाहिजे. समोर योरुबा माणसं उभी असताना त्याला समुद्राच्या तळाशी कर्ते शोधावेसे वाटले. हर्स्टचं जहाज तसं जुन्याच मार्गावरून चाललं होतं.

ही सवय किती मुरलेली आहे ते न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने 1984 साली दाखवून दिलं. विसाव्या शतकातल्या कलेतला ‘आदिमवाद’ या विषयावर विल्यम रूबिन यांनी भलंमोठं प्रदर्शन मांडलं. एका बाजूला पिकासो, ब्रांकुसी, जाकोमेत्ती, दुसऱ्या बाजूला आफ्रिका आणि ओशिनियाच्या वस्तू, बघा कसं साम्य आहे. त्या वस्तूंचा मूळ अर्थ आणि उपयोग हा आपला विषयच नाही, असं रूबिन यांनी स्पष्ट म्हटलं होतं. टॉमस मॅकएव्हिली या समीक्षकाने त्यांना फैलावर घेतलं. पश्चिमेची आधुनिकता किती वैश्विक आहे याची साक्ष काढण्यापुरतं आफ्रिकेला बोलावलं, असा त्याचा मुख्य आक्षेप होता. मला तो अजूनही पटतो.

याला उत्तर म्हणून की काय, 1989 मध्ये पॅरिसला ‘धरतीचे जादूगार’ असं म्हणता येईल अशा नावाचं प्रदर्शन झालं. ज्याँ-युबेर मार्तें यांनी जगभरातून शंभराहून अधिक जिवंत कलावंत बोलावले, सगळ्यांची नावं लिहिली, सगळ्यांना एकाच पंक्तीत बसवलं. त्यात दक्षिण आफ्रिकेतल्या एन्देबेले भित्तिचित्रकार एस्थर माहलांगू होत्या, पुठ्ठ्याची स्वप्ननगरं उभारणारे कांगोचे बोडिस इसेक किंगेलेझ होते, आणि आपल्या डहाणूजवळच्या गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसेही होते. या प्रदर्शनावर टीका कमी झाली नाही. पश्चिमेकडून वैचारिक कलावंत निवडले आणि आफ्रिका-आशियातून मात्र ‘शुद्ध’, कलाशाळेचं वारं न लागलेले शोधले, हा आक्षेप खरा आहे. जादूगार हे विशेषणही मला खटकतं. त्यातल्याच रिचर्ड लाँग या ब्रिटिश कलावंताला एरवी कोणी जादूगार म्हटलं नसतं. तरीही नाव, गाव, साल ही किमान सभ्यता तिथे पाळली गेली, आणि पुढच्या कित्येक दारांना त्यामुळे किल्ली लागली.

कलाशाळेचं वारं न लागलेले, या अटीमुळे वगळले गेलेले कोण होते ते पाहायला हवं, कारण आफ्रिकी कलेने आजच्या कलेला दिलेलं सगळ्यात मोठं दान त्यांच्यामार्फत आलं आहे. नायजेरियात झारियाच्या महाविद्यालयात 1958 साली काही विद्यार्थ्यांनी एक मंडळ काढलं: उचे ओकेके, डेमस न्वोको, ब्रूस ओनोब्राकपेया आणि इतर. शिक्षक ब्रिटिश, अभ्यासक्रम ब्रिटिश, समोर प्लास्टरचे ग्रीक पुतळे. 1960 साली, देश स्वतंत्र झाला त्याच वर्षी, ओकेके यांनी ‘नैसर्गिक संयोग’ असा जाहीरनामा मांडला. जुनं तसंच्या तसं गिरवायचं नाही, पश्चिमेचं आंधळेपणाने उचलायचं नाही, दोन्हींतून गरजेचं घेऊन आजचं काहीतरी करायचं. ऐकायला साधं वाटतं. पण ओकेके यांनी ते रेषेत करून दाखवलं. इग्बो स्त्रिया अंगावर आणि मातीच्या भिंतींवर ‘उली’ काढत: एखादी लांब वळणदार रेघ, एक ठिपका, आणि भोवती भरपूर मोकळी जागा. ओकेके यांनी ही काटकसर कागदावर आणली. पुढे न्सुक्काच्या विद्यापीठात याचीच एक शाळा तयार झाली, आणि 1975 साली त्याच विद्यापीठात घानाहून एक शिक्षक आले, एल अनात्सुई.

अनात्सुई यांच्याबद्दल थोडं थांबून बोलतो. जन्म 1944, घानाच्या एवे समाजात; घरात केंटे हे तिथलं रंगीत कापड विणणारे लोक. आधी लाकूड, माती, यांत्रिक करवत असे प्रयोग झाले. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस त्यांना दारूच्या बाटल्यांच्या ॲल्युमिनियमच्या झाकणांची एक पिशवी सापडली. ती झाकणं चेपायची, कापायची, पिळायची, तांब्याच्या तारेने एकमेकांना बांधायची, असं करत करत मदतनिसांच्या गटासह त्यांनी भिंतभर मोठे पट्टे उभे केले. लांबून पाहिलं तर केंट्यासारखं लाल-सोनेरी वस्त्र, जवळ गेलं तर दारूचे ब्रँड. आणि दारू हा तिथे निरागस पदार्थ नाही: गुलामांच्या व्यापारात युरोपची दारू आफ्रिकेच्या किनाऱ्यावर चलनासारखी वापरली गेली.

पण मला सगळ्यात क्रांतिकारक वाटते ती वेगळीच गोष्ट. अनात्सुईंच्या कामाला ठरलेला आकार नाही. ते घडी करून पाठवतात, आणि भिंतीवर लावणाऱ्याने चुण्या कशा पाडायच्या ते त्याने ठरवायचं. दर प्रदर्शनात काम वेगळं दिसतं. शिल्प म्हणजे कायमचा, पक्का, जड आकार, ही युरोपची हजारो वर्षांची समजूत त्यांनी कापडाच्या स्वभावाने मोडून काढली. 2015 साली व्हेनिसने त्यांना जीवनगौरवाचा सुवर्णसिंह दिला, 2023 मध्ये लंडनच्या टेट मॉडर्नचं टर्बाइन हॉल त्यांच्या हवाली झालं. हा सन्मान त्यांना मिळाला तो ‘आफ्रिकी प्रेरणे’साठी नाही. प्रयोग त्यांनीच केला म्हणून.

बेनिन देशातल्या पोर्तो-नोवोचे रोमुआल्ड हाझूमे प्लास्टिकच्या कॅनचे मुखवटे करतात. या कॅनमधून नायजेरियातलं पेट्रोल चोरटेपणाने बेनिनमध्ये येतं. जास्त माल मावावा म्हणून कॅन तापवून फुगवतात, ते पातळ होत होत एक दिवस कामातून जातात. कॅनची मूठ म्हणजे नाक, तोंड म्हणजे उघडं तोंड. पश्चिमेला आफ्रिकी मुखवटे हवेत ना, घ्या, तुमचाच कचरा तुम्हाला परत, असा त्यातला टोमणा आहे. 304 मुखवटे त्यांनी गुलामवाहू जहाजाच्या जुन्या नकाशाप्रमाणे दाटीवाटीने मांडले, आणि गुलामांचा व्यापार बंद करणाऱ्या ब्रिटिश कायद्याला दोनशे वर्षं झाली त्या 2007 साली ब्रिटिश म्युझियमने ते काम विकत घेऊन दाखवलं. त्याच इमारतीत ब्रिटिश सैन्याच्या 1897 च्या लुटीतले बेनिन नगरीचे पितळी फलक आहेत. (ते बेनिन नगर नायजेरियात; नावामुळे गोंधळ होतो.)

आफ्रिकी म्हणजे शुद्ध, अस्सल, मातीतलं, हा आग्रह धरणाऱ्यांना यिंका शोनिबारे या ब्रिटिश-नायजेरियन कलावंताने चांगलंच कोंडीत पकडलं आहे. त्यांच्या बिनडोक्याच्या पुतळ्यांवर भडक छापील कापडाचे व्हिक्टोरियन पोशाख असतात. कापड बघून सगळे म्हणतात, किती आफ्रिकन! ते मुळात इंडोनेशियाच्या बाटिकची नक्कल, डच गिरण्यांत छापलेलं, पश्चिम आफ्रिकेत खपलेलं, आणि तिथल्या बाजारातल्या बायकांनी नावं-अर्थ देऊन आपलंसं केलेलं. आपल्याकडचाही एक धागा यात आहे. नायजर नदीच्या मुखाकडचे कालाबारी लोक दक्षिण भारतात विणलेल्या चौकड्यांच्या कापडाचे फार जुने गिऱ्हाईक. तिथल्या स्त्रिया ते कापड घेऊन त्यातले निवडक धागे कापून ओढून काढतात. चौकडी विरत जाते आणि जाळीदार, वेगळीच नक्षी उरते. ‘पेलेते बिते’ म्हणतात त्याला. भर न घालता, केवळ वजा करून नवी वस्तू घडवायची: कुठल्याही कलाशाळेतल्या प्रायोगिक वर्गाला पुरून उरेल असा हा विचार आहे, आणि तो करणाऱ्या बहुतेक स्त्रियांची नावं नोंदवलेली नाहीत.

इथे माझ्याच युक्तिवादाला टोचणारी एक गोष्ट मान्य करायला हवी. नाव पुसण्याचं पाप फक्त पॅरिस-लंडनच्या माथी मारून भागत नाही. उचे ओकेके यांचं नाव कलेच्या इतिहासात आलं, उली काढणाऱ्या खेड्यातल्या स्त्रियांचं आलं नाही, जरी ओकेके यांची आईच उली काढत असे. आपल्याकडे वारल्यांचा लग्नचौक पिढ्यान्‌पिढ्या सवाशिणी लिहीत आल्या, धवलेरी गात आल्या, आणि जगाला माहीत झालं ते पहिलं नाव पुरुषाचं. म्हसे थोर चित्रकार होते यात शंका नाही. विधीबाहेर येऊन रोज, स्वतःसाठी, नव्या विषयांवर चित्रं काढण्याचं धाडस त्यांचंच. पण शिकलेला किंवा शहराशी जोडला गेलेला पुरुष नाव मिळवतो आणि परंपरा जगवणारी बाई ‘लोककला’ होऊन बसते, हा नियम न्सुक्क्यात आणि डहाणूत एकच आहे.

प्रेरणेबद्दल बोलताना एक ठोस अडचण आपण विसरतो. प्रेरणा घ्यायला वस्तू पाहायला मिळाव्या लागतात. फेलविन सार आणि बेनेदिक्त साव्वा या अभ्यासकांनी 2018 साली फ्रान्सच्या अध्यक्षांना दिलेल्या अहवालात सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेचा 90 ते 95 टक्के वारसा खंडाबाहेर असल्याचा अंदाज उद्धृत केला आहे. एकट्या पॅरिसच्या के ब्रांली संग्रहालयात सुमारे 70,000 वस्तू. म्हणजे पॅरिसच्या कलाविद्यार्थ्याला मेट्रोचं तिकीट पुरतं, आणि बेनिन देशातल्या आबोमेच्या किंवा नायजेरियातल्या बेनिन नगरीच्या विद्यार्थ्याला आपल्याच पणजोबांचं काम पाहायला व्हिसाच्या रांगेत उभं राहावं लागतं. आफ्रिकी कलेने आधुनिक युरोपला प्रेरणा दिली याचं कौतुक करताना ही प्रेरणा कोणत्या पुरवठ्यावर चालली तेही सांगायला हवं.

वस्तू परत गेल्या की काय होतं याचं एक उदाहरण आता आहे. 1892 मध्ये फ्रेंच सैन्याने आबोमेच्या राजवाड्यातून नेलेल्या 26 वस्तू नोव्हेंबर 2021 मध्ये बेनिनला परत मिळाल्या. पुढच्याच वर्षी कोतोनूत त्या मांडताना तिथल्या समकालीन कलावंतांचं कामही त्याच प्रदर्शनात ठेवलं गेलं, कालचं आणि आजचं बेनिन म्हणून. माझ्या मते परतफेडीच्या बाजूने याहून चांगला युक्तिवाद नाही. परत देणं म्हणजे केवळ जुन्या पापाचं परिमार्जन नव्हे, पुढच्या कलेसाठी ती कच्ची तयारी आहे. परत कोणाला द्यायचं, राजाला की सरकारी संग्रहालयाला, यावर नायजेरियात वाद आहेत. ते त्यांचे वाद आहेत आणि ते त्यांनी घालावेत. घरमालकांत भांडण आहे म्हणून चोरीचा माल तिसऱ्याने ठेवून घ्यावा, हे कुठल्या कायद्यात बसतं?

बाजार मात्र या सगळ्याच्या पुढे धावतो आहे. फ्रान्समधल्या एका वृद्ध जोडप्याने माळ्यावर पडलेला गॅबनचा एक फांग मुखवटा जुन्या सामानाच्या व्यापाऱ्याला 150 युरोंना विकला. 2022 मध्ये माँपेलियेच्या लिलावात तो 42 लाख युरोंना गेला. जोडपं कोर्टात गेलं आणि 2023 च्या अखेरीस हरलं. गॅबननेही मुखवट्यावर दावा सांगितला होता, त्यालाही काही मिळालं नाही. विकणारा, घेणारा, दलाल, सगळ्यांच्या हिश्श्यांची चर्चा झाली. तो कोरणाऱ्याचा विषय निघालाच नाही, निघण्यासारखी सोयच कोणी ठेवलेली नव्हती.

कलेला सीमा नसतात, हे वाक्य अशा वेळी हमखास कानी येतं. मला ते आवडतं, फक्त ते दोन्ही बाजूंनी खरं असावं. 1907 पासून आकार सीमा ओलांडत आले, माणसं अडकली. आफ्रिकी कलावंताने तैलरंग वापरले की तो ‘पाश्चात्त्यांची नक्कल करणारा’ आणि पॅरिसच्या कलावंताने मुखवटा वापरला की तो क्रांतिकारक, ही वर्गवारी अनेक दशकं बिनबोभाट चालली. सीमा नव्हत्या असं नाही, त्या एकाच दिशेने उघडत होत्या.

मराठी वाचकाला यात रस असण्याचं खास कारण आहे. कोकणाच्या किनाऱ्यासमोर समुद्रापलीकडे आफ्रिका आहे. जंजिऱ्याचे सिद्दी आणि खडकी वसवणारा मलिक अंबर आपल्या इतिहासातले. तरीही आफ्रिकी कला आपल्या चित्रकारांपर्यंत आली ती बहुतांशी पॅरिसमार्गे, पिकासोच्या शिक्क्यानिशी. 1947 च्या प्रोग्रेसिव्ह गटाची आणि गोव्याच्या सूझांची चर्चा करताना आपण पिकासोपाशी थांबतो, त्याच्या मागे जात नाही. क्युबिझम शिकवताना आफ्रिका बहुधा एका वाक्यात उरकते. त्या वाक्याच्या जागी ग्रेबो मुखवटा, ओलोवेचं दार आणि अनात्सुईंचं एक काम शेजारी शेजारी दाखवलं तर विद्यार्थ्यांना क्युबिझमही जास्त चांगला कळेल, अशी माझी खात्री आहे.

आणि आता तर यंत्राला ‘आफ्रिकन शैलीत मुखवटा काढ’ म्हटलं की चार सेकंदांत चार मुखवटे हजर होतात. चोपन्न देशांची, शेकडो समाजांची सरासरी काढून आलेला तो तपकिरी चेहरा कुठलाच नसतो. डिझाइन करणारी आपल्याकडची हुशार मुलं तो चेहरा टी-शर्टवर छापतात, तसंच वारलीच्या तारपा नाचाचंही करतात. त्यांना दरडावण्यात मला रस नाही. त्यांनी एवढंच करावं: आफ्रिकन असं न म्हणता देश, समाज आणि शक्य तिथे माणूस शोधावा, आणि पैसे असतील तर त्या माणसालाच बोलवावं. 1991 साली एका जर्मन मोटार कंपनीला आपल्या गाडीवर एन्देबेले नक्षी हवी होती. त्यांनी भिंतींचे फोटो काढून छापले नाहीत. एस्थर माहलांगूंना बोलावलं, गाडी त्यांच्या हवाली केली आणि त्यांच्या नावाने ती जगाला दाखवली. त्या तेव्हा 55 च्या आसपास होत्या, आणि त्यानंतर तीन दशकं जगभरातून त्यांना कामं येत राहिली.